डोंगराची कूस

बिश्केकमधल्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर,
खिडकीजवळचा हीटर तेवढा चालतो,
म्हणून माझं टेबल तिथे.
पडद्यावर अख्खी पर्वतरांग
तीस-तीस मीटरच्या चौकोनांत कापलेली,
बोर्सोक तळण्याआधी आई पोळी कापायची तशी.

थरावर थर चढवते मी:
उतार किती, तोंड कुठल्या दिशेला,
बर्फ किती दिवस टिकतो,
रस्ता किती लांब, वीज कुठवर पोचली,
कडा कुठे सुटून खाली येतो.
प्रत्येकाला वजन द्यायचं,
आणि सगळ्या वजनांची बेरीज एक.
एकच भाकरी, खाणारे सहा.
तालान्त म्हणतो, तू दुकान टाकायला हवं होतंस.

हिरवं उगवलं ते सारी-जोनच्या पलीकडे.
उत्तरेकडे तोंड, बेताचा उतार,
वस्ती शून्य.
मेदेर खूश झाले. गुंतवणूकदारांना हिरवा आवडतो.

मग नियमाप्रमाणे जागेवर जाऊन यायचं.
रस्ता कोक-बेलला संपला
आणि उमसुनाई आजीने चहा ठेवला.
कप अर्धाच भरला, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा.
काठोकाठ भरणं म्हणजे
पाहुण्याला ‘ये आता’ म्हणणं.

मी तयारीने गेले होते:
कुरणं, पाणी, मेंढरांची वाट, भरपाई,
सगळ्या हरकतींची उत्तरं फायलीत होती.
तिने विचारलं, आमच्याकडे का नाही?

टॅबलेट तिच्यापुढे धरला.
हे तुमचं घर. गोठा, गवताची गंजी,
कुत्र्याची साखळी, मागे नवऱ्याची कबर,
सगळं मिळून दोन चौकोन. रंग पिवळा.
पिवळा म्हणजे?
मध्यम.
‘मध्यम,’ ती म्हणाली,
‘एर्मेकच्या गुरुजींचाही हाच शब्द.’
एर्मेक आता मॉस्कोत
छपरांवरचा बर्फ फावड्याने खाली ढकलतो.
तिथला बर्फ पगार देतो.

आजी, तुमच्या डोंगराचं तोंड दक्षिणेला आहे.
फेब्रुवारीतच वितळतं इथे.
‘हे तू मला सांगतेस?
म्हणून तर इथे घर बांधलं आमच्या लोकांनी,
कोकरं उन्हात जन्मावीत म्हणून.’
मग खिडकीबाहेर बघून, अगदी सहज:
‘त्याला म्हणावं, एकदा कूस बदल.’
हसली. सोन्याचा एक दात चमकला.
आणि माझा कप
काठोकाठ भरला.

अहवालात एक रकाना असतो, स्थानिकांच्या हरकती.
तिथे मी लिहिलं: नाही.
विनंतीसाठी रकाना नव्हता.

काल सगळे गेल्यावर
दिशेचं वजन शून्य दशांश वीसवरून बारा केलं.
उरलेलं रस्त्याला दिलं.
कुणी विचारलं तर
कारणही सांगता येईल असं होतं ते, थोडंफार.
कोक-बेल हिरवं झालं.
घरावरून, गंजीवरून, कबरीवरून
हिरवं पसरत गेलं,
मार्चअखेर त्या उतारावर येतं तसं,
बर्फ गेल्यावर येतं ते.

लिफ्टच्या खांबांखाली चिखल दिसला मला.
गेल्या वीस हिवाळ्यांचा आलेख उघडला,
रेघ जिन्यासारखी खाली उतरत होती.
दुसऱ्या खिडकीत सारी-जोन,
तिथेही जिनाच,
फक्त पायऱ्या थोड्या लांब.

बदल जतन करायचा का, यंत्राने विचारलं.
‘नाही’वर बोट ठेवलं, उचललं.
खिशात तिने दिलेला कागद होता,
त्यावर एर्मेकचा नंबर
आणि खाली, मोठ्या गोल अक्षरांत:
त्याला घसरता येतं,
लहानपणी गोठ्याच्या दारावर बसून घसरायचा.

हीटर बंद केला.
पडदा तसाच चालू ठेवून
मी अंधारात कोटाची बटणं लावत उभी.